घाटी दवाखान्याजवळच्या आजारी लेकरांच्या निवासात सेवेला जायचंय. नेमकं काय करावं, काय टाळावं?

गोदाकाठ

नमस्कार. छत्रपती संभाजीनगरात घाटीपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आजारी लेकरांच्या आईवडिलांसाठी एक निवास आहे. १४ खोल्या, सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर, वर गच्ची. निम्म्याहून जास्त कुटुंबं किमो चालू असलेल्या लेकरांची आहेत. बाकी काचेच्या पेटीत ठेवलेल्या कमी वजनाच्या बाळांच्या आया, आणि रक्त चढवायला येणारी थॅलेसेमियाची पोरं. जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडची माणसं, काही बुलढाण्याचीही.

आम्ही तिघी मैत्रिणी हप्त्यातून दोन दिवस, तीन-तीन तास जाणार आहोत. व्यवस्थापकांनी "या, काम भरपूर आहे" एवढंच सांगितलंय. माझे प्रश्न:

जाण्याआधी आमची काय तयारी हवी, काही लसी घ्याव्या लागतात का? स्वयंपाकघरात हातभार लावायचा तर कसा? पोरांसाठी काय न्यावं? आणि चांगल्या मनानं गेलेल्या माणसाकडून तिथं कोणत्या चुका होतात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात जास्त हवं आहे.

---

वॉर्डसिस्टर

ताई, आधी आजाराचं बोलते. बाकीच्या चुका निस्तरता येतात, ही नाही.

सर्दी, खोकला, जुलाब, डोळे आलेले, अंगावर पुरळ, यातलं काहीही असेल त्या दिवशी जायचं नाही. "मास्क लावून जाते" असंही नाही. घरात कुणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला असेल तर तुम्ही ठणठणीत असलात तरी फोन करून कळवा आणि थांबा. कांजिण्यांचा संसर्ग झाल्यावर पुरळ उठायला १० ते २१ दिवस लागतात, आणि पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस आजार पसरवत असतो. नागीणही त्याच विषाणूची. किमोच्या लेकराला कांजिण्या जिवावर बेततात. निवासात कुणाला कांजिण्या निघाल्याचं कळलं तर कोणकोणती लेकरं त्याच्या जवळ होती याची यादी त्याच दिवशी वॉर्डात पोचवायची, कारण त्यांना द्यायचं औषध पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतं.

लसी: लहानपणी कांजिण्या झाल्या नसतील तर दोन डोस, गोवराची झाली नसेल तर ती, आणि फ्लूची दरवर्षी. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर आधी थुंकी तपासून घ्या. पल्स पोलिओची माणसं निवासात आली तर सोबतच्या धाकट्या भावंडाला लगेच थेंब पाजू देऊ नका. तोंडावाटेची लस जिवंत विषाणूची असते आणि तो बाळाच्या शौचातून बाहेर पडतो. ज्या कुटुंबातल्या लेकराची प्रतिकारशक्ती कमी आहे तिथं आधी डॉक्टरांना विचारायचं.

आता ताप. किमोनंतर साधारण आठवडा ते दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. आया त्याला "काउंट पडले" म्हणतात. एएनसी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा, ५००च्या खाली गेला की साधा जंतूही पुरतो. पांढऱ्या पेशीच नसल्यामुळे पू होत नाही, सूज येत नाही. ताप ही एकच खूण उरते. म्हणून काखेत थर्मामीटर लावून १००.४ किंवा वर दिसला की वाट पाहायची नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आधी क्रोसिनचं औषध पाजून "बघू उतरतो का" हे तर मुळीच नाही. ताप उतरतो, जंतू वाढत राहतो, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत लेकरू गार पडलेलं असतं. शौचाच्या जागी थर्मामीटर घालायचा नाही. गल्लीतल्या दवाखान्यात नेऊन कमरेत सुई टोचून आणायची नाही, प्लेटलेट कमी असतात, आतल्या आत रक्त साकळतं. अंग दुखतं म्हणून ब्रुफेन किंवा ॲस्पिरिनही नाही, तेही याच कारणानं.

तुमचं काम काय? प्रत्येक किमोच्या कुटुंबाची एक पिशवी दाराच्या खुंटीला भरून टांगलेली आहे ना, एवढं बघा. फाइल, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट, आधार, रेशनकार्ड, एक जोडी कपडे, थर्मामीटर. रात्री येणाऱ्या दोन रिक्षावाल्यांचे नंबर आणि १०८ भिंतीवर मोठ्या अक्षरांत. आणि आईला एक वाक्य पाठ करून द्या: "लेकराला किमो चालू आहे आणि ताप आलाय." आत शिरताच हे पहिलं बोललं की पुढची हालचाल लवकर होते. नाहीतर बिचारी रांगेत उभी राहून "दोन दिस जेवला नाही" इथून सुरुवात करते. पहिली अँटिबायोटिक तासाभरात जायला हवी असते.

औषधांना हात लावायचा नाही. गोळी मोडून देणं, आठवण म्हणून पाजणं, काहीच नाही. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदा असते. ती चुकून रोज दिली गेली तर लेकरू दगावू शकतं. आईला वाचता येत नसेल तर सिस्टरकडून कॅलेंडरवर वाराच्या चौकटीत गोळीचं चित्र काढून घ्या. तेवढी मदत पुरे आणि मोठीही.

---

पाटावरवंटा

स्वयंपाकघराचं मी सांगते.

पहिली चूक: सगळ्यांसाठी तुम्ही रांधायला लागणं. ज्याची-त्याची चूल असलेलीच बरी. कोणत्या लेकराला आज काय गिळवतंय ते त्याच्या आईलाच कळतं. शिवाय दिवसभर वॉर्डाबाहेर बसून हात रिकामे असलेल्या बाईला स्वतःची भाकरी थापता येणं याचं मोल वेगळंच आहे. तुम्ही त्या स्वयंपाकघराचा गाडा सुरळीत ठेवायचा.

कुठं अडतं ते बघा. सकाळी सहा ते आठ. ओपीडी गाठायची म्हणून सगळ्याजणी एकाच वेळी येतात, शेगड्या पुरत नाहीत, भांडणं होतात, आणि ज्यांचं लेकरू जास्त आजारी ती माय भांडायच्या भरीला न पडता बाहेरचा वडापाव आणते. सात बर्नर असतील तर सात-सात कुटुंबांच्या दोन पाळ्या करा: साडेपाच ते पावणेसात, पावणेसात ते आठ. ज्याची किमोची तारीख आहे त्याला पहिली पाळी. पाळी कागदावर लिहून चिकटवा, तोंडी सांगितलेली टिकत नाही.

एक गोष्ट मात्र सामाईक असावी. संध्याकाळी वॉर्डातून उशिरा परतणाऱ्यांसाठी मऊ खिचडी. ३० माणसांना २ किलो तांदूळ, १ किलो मूगडाळ, धान्याच्या एका मापाला चार मापं पाणी. हळद, जिरं, हिंग, तूप, मीठ जरा हात राखून. तिखट अजिबात नाही, ज्याला हवं तो वरून घेईल. आपल्याकडं येसर आणि ठेच्याशिवाय घास उतरत नाही हे खरं, पण किमोनं तोंड आलेल्या लेकराला मिरचीचा वासही झोंबतो. भाकरीचा हिशेब: किलोभर ज्वारीच्या पिठाच्या मध्यम १० होतात.

तोंड आलं असेल तर कोमट आणि मऊ: ज्वारीच्या कण्या दुधात शिजवून, वरणभात गुरगुट्या, कुस्करलेलं केळ, उकडलेला बटाटा तूप घालून. आंबट, कुरकुरीत, भाजक्या कडा, चिवडा नको. टोमॅटोही नको.

काउंट कमी असताना कच्चं काहीच नको. कोशिंबीर, कच्ची मोडं, कापून ठेवलेली फळं, उसाचा रस, बर्फाचा गोळा, गाड्यावरचं ताक. जाड सालीचं फळ, म्हणजे केळ, संत्र, मोसंबी, आधी धुवायचं, मग समोर सोलायचं. दह्याबद्दल प्रत्येक वॉर्डाचा नियम निराळा असतो, आईला डॉक्टरांना विचारू द्या, तुम्ही होय-नाही करू नका. शेंगदाण्याची जुनी, वास लागलेली चटणी टाकून द्या, बुरशी असते.

शिजलेलं अन्न दोन तासांत संपवायचं. मे महिन्यात पारा ४२-४३ला गेला की तासाभरातच. "टाकायचं कशाला" म्हणून सकाळचं वरण संध्याकाळी गरम करून वाढणारी माय चूक नसते, गरीब असते. तिला थोडं-थोडं शिजवायला छोटं पातेलं द्या. निवासात मोठीच भांडी दान येतात, दोन माणसांपुरती येत नाहीत. पाव किलो शिजेल अशी झाकणाची १४ पातेली घेतलीत तर अर्धी नासाडी थांबते.

अजून एक. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन ही औषधं चालू असलेल्या लेकराला राक्षसासारखी भूक लागते, रात्री दोनला उठून जेवायला मागतं, चिडतं, आईला मारतं. ते वाया गेलेलं नाही, औषध बोलतंय. हे शेजारच्या खोलीतल्यांनाही सांगून ठेवा. रात्रीही मऊ पोळी किंवा उकडलेला बटाटा ताजा करून देता येईल अशी सोय हवी. या काळात रक्तातली साखर आणि रक्तदाब वाढू शकतो, म्हणून भुकेल्या पोराला लाडानं पेढे-फरसाण भरवू नका.

---

टाकी आणि टँकर

पाण्याकडं कुणी बघत नाही म्हणून लिहितो. उन्हाळ्यात टँकरचं पाणी हौदात पडतं, हौदातून गच्चीवर, तिथून नळाला. हौदाचं झाकण नीट बसत नसेल तर वरचं सगळं फिल्टर व्यर्थ.

टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ३३ टक्के क्लोरीनची असेल तर १००० लिटरला ५ ग्रॅम. म्हणजे ५००० लिटरच्या टाकीला २५ ग्रॅम. पावडर तशीच टाकीत फेकायची नसते. बादलीत थोड्या पाण्यात कालवून पातळ करा, अर्धा तास निवळू द्या, वरचं निवळ तेवढं टाकीत ओता, खालचा चुना टाकून द्या. त्यानंतर अर्धा तास पाणी वापरायचं नाही. मग शेवटच्या नळाचं पाणी ओटी टेस्टनं (पाण्यात क्लोरीन आहे का हे दाखवणारे थेंब) बघा, फिकट पिवळा रंग यायला हवा. रंगच आला नाही तर दोन कारणं: टाकीत गाळ आहे, तो क्लोरीन खातो, किंवा पावडर जुनी आहे. उघड्या पोत्यातली पावडर उन्हाळ्यात महिन्या-दोन महिन्यांत निम्मी मरते. हवाबंद डब्यात, सावलीत ठेवा.

प्यायचं पाणी तरीही उकळायचंच, किमोच्या लेकरांसाठी. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. ते झाकून, तोटीच्या स्टीलच्या पिंपात. माठात ओगराळं बुडवलं की संपलं.

कूलर. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये कूलरशिवाय चालत नाही, पण गेल्या सालचं गवत तसंच ठेवून सुरू केला तर त्यावरची बुरशी सगळ्या खोलीत उडते. काउंट पडलेल्या लेकराच्या फुप्फुसात ती बसली तर महिन्यांचं दुखणं होतं. हंगामाच्या सुरुवातीला गवत नवं, आणि दर आठवड्याला पाणी पूर्ण काढून टाकी घासून कोरडी. नुसतं पाणी बदलू नका, डासाची अंडी कडेला चिकटून राहतात. हे काम दोन तासांचं आहे, कुणी करत नाही, तुम्ही करा. खिडकीतली कबुतरं हाकला, विष्ठा कोरडी झाडू नका, ओली करून पुसा.

उलटी, रक्त सांडलं तर: घरगुती ब्लीच साधारण ५ टक्क्यांचं असतं, त्याच्या एका भागाला ९ भाग पाणी. हातमोजे घालून आधी कागदानं टिपून घ्या, मग हे द्रावण ओतून १० मिनिटं ठेवा, मग पुसा. रोजच्या फरशी-कड्यांना लिटरभर पाण्यात २० मिली पुरे. द्रावण रोज ताजं. संडास धुवायच्या ॲसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो, आणि छोट्या बंद संडासात तो पटकन कोंडतो. किमो झाल्यापासून ४८ तास त्या लेकराच्या लघवी-उलटीतून औषध बाहेर पडतं, म्हणून तेवढे दिवस हातमोजे, संडासात दोनदा पाणी, आणि त्याचे कपडे वेगळे धुवायचे. आई पुन्हा पोटुशी असेल तर हे काम दुसऱ्याकडे द्या.

ढेकूण सामानातून येतात, त्यात कुणाची लाज काढायची नाही. लाकडी बाजा काढा, लोखंडी पलंग आणि रेक्झिनच्या खोळी घाला. कुटुंब बदललं की गादीच्या शिवणी टॉर्चनं बघा. गादी काळ्या प्लास्टिकमध्ये बांधून मेच्या उन्हात दिवसभर गच्चीवर टाकली की तापलेल्या बाजूचे ढेकूण मरतात, म्हणून मधून उलटून घ्या, पण सगळी अंडी मेलीच असं धरू नका. फवारणी करायचीच झाली तर खोली रिकामी करून.

---

तांडा

भाषेचं कुणी लिहिलं नाही. बऱ्याच आया तांड्यावरच्या असतात, गोरबोलीत (बंजारा बोलीत) विचार करतात. मराठीत "हो हो" म्हणतात म्हणजे समजलं असं धरू नका. सांगून झाल्यावर "आता तुम्ही मला सांगा, ताप आला तर काय करणार?" असं विचारा. उलट सांगता आलं तरच कळलं. तुमच्या तिघींत कुणाला गोरबोली किंवा दखनी येत असेल तर तापाच्या आणि पाण्याच्या सूचना आवाजात रेकॉर्ड करून आयांच्या मोबाइलवर द्या. छापील पत्रकांपेक्षा त्या दहापट ऐकल्या जातात.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. वहीत उतरवून घेतेय. दोन गोष्टी अजून. एक, निवासात दर आठवड्याला कुणी ना कुणी वाढदिवस किंवा पुण्यतिथीचं जेवण घेऊन येतं, केक, फुगे, फोटो. व्यवस्थापकांना नाही म्हणता येत नाही. दुसरं, मागच्या फेरीत दिसलेली कुटुंबं पुन्हा दिसत नाहीत. विचारलं तर "गावाकडं गेले" म्हणतात. हे नेहमीचंच आहे का?

---

फाइलवाला

तुमचा दुसरा प्रश्न हाच खरा प्रश्न आहे, ताई. खिचडी, पाणी, कूलर ही सगळी धडपड कशासाठी, तर कुटुंबानं उपचार अर्ध्यावर सोडून गावाकडं जाऊ नये यासाठी. लेकरांच्या रक्ताच्या कर्करोगात, म्हणजे एएलएलमध्ये, उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. पहिले काही महिने जड असतात. नंतर घरी गोळ्या आणि ठरल्या तारखेला तपासणी. तोवर केस परत येतात, पोरगं खेळायला लागतं. नेमकं तिथंच सुटतं. "बरं दिसतंय की" असं घरचे मोठे म्हणतात. गोळ्या बंद झाल्या आणि आजार उलटला तर दुसऱ्यांदा बरं होणं फार अवघड असतं.

म्हणून तुम्ही तिघींनी एक काम पक्कं धरा: तारखांची वही. रकाने असे: लेकराचं नाव, गाव-तालुका, आईचा फोन, गावातला दुसरा फोन (शेजारी, दुकानदार किंवा आशाताई, कारण आईचा फोन रिचार्जअभावी बंद पडतो), पुढची तारीख, भाड्याची सोय आहे का. तारखेच्या तीन दिवस आधी एक फोन. आले नाहीत तर दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा. फोनवर "का आला नाहीत?" असं विचारू नका, माणूस फोन कापतो. "निघायला काय अडतंय?" असं विचारा. वहीत आजाराचं नाव लिहू नका आणि ती टेबलावर उघडी ठेवू नका.

अडतं कुठं ते ठरलेलं आहे. बीड, जालन्याकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे कारखान्यावर जातात आणि मार्च-एप्रिलकडं परततात. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, कोयत्यातला (तोडणीच्या जोडीतला) एक माणूस मागं राहिला तर उचल फिटत नाही. त्यांना "जाऊ नका" म्हणून उपयोग नाही. दसऱ्याच्या सुमारास विचारून ठेवा: कोणता कारखाना, कोणता तालुका. मग डॉक्टरांकडून तिकडच्या जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या नावे चिठ्ठी मागून घ्यायची, म्हणजे मधल्या रक्ततपासण्या तिथं होतील. ही चिठ्ठी जाण्याआधी हातात पडली तर उपयोग, फडावरून फोन आल्यावर नाही. सोयाबीन काढणीच्या दिवसांतही अशीच गळती लागते.

भाडं. एसटीत महिलांना २०२३च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे, ५ ते १२ वर्षांच्या मुलांनाही अर्धं. रेल्वेत कर्करुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपरचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. थॅलेसेमियाच्या पोरालाही सोबत्यासकट सवलत आहे. त्याचा ठरावीक नमुना दवाखान्यातून भरून, सही-शिक्क्यानिशी घ्यावा लागतो. कुटुंबं हे न विचारताच जनरलच्या डब्यात गर्दीत लेकरू घेऊन बसतात, आणि काउंट पडलेल्या लेकराला तीच गर्दी बाधते.

योजना. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडं जायचं. हेल्पलाइन १५५३८८. नेहमीचे खोळंबे दोन: लेकराचं नाव रेशनकार्डात चढलेलंच नसतं, किंवा दोन कागदांवर नावाचं स्पेलिंग वेगळं असतं. पहिल्यासाठी जन्मदाखला आणि आईवडिलांचे कागद बरोबर द्या. दुसरं दुरुस्त करायला वेळ लागतो, म्हणून कुटुंब आलं त्याच दिवशी कागद शेजारी-शेजारी ठेवून अक्षर न अक्षर जुळवून बघा. मंजुरी अडकल्यावर कळलं तर किमोची तारीख जाते. मूळ कागद तुमच्याकडं ठेवून घेऊ नका, मोबाइलवर फोटो आईच्याच फोनमध्ये काढून द्या. लेकराला जन्मतः हृदयाचं दुखणं असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाबद्दल जिल्हा रुग्णालयात विचारा, १८ वर्षांपर्यंत त्यात सोय आहे.

रक्तदात्यांची यादी ठेवणार असाल तर प्रत्येकाची शेवटची तारीख लिहा. पुरुषाला ९० दिवस, बाईला १२० दिवस थांबावं लागतं. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत. दिवाळीत शिबिरं नसतात, कॉलेजची पोरं गावी जातात आणि तेव्हाच टंचाई पडते. ते दहा दिवस हमखास येणारी माणसं आधीच हेरून ठेवा.

---

पाटावरवंटा

वाढदिवसाच्या जेवणाचं: नाही म्हणू नका, वळवा. दारातच एक फळा लावा, "आज भांडारात हवं आहे" असा, आणि तो खरोखर रोज बदला. तूरडाळ, मूगडाळ, शेंगदाणा तेल, गहू, ज्वारी, साखर थोडी, साबण, डायपर, हातमोजे, थर्मामीटरचे सेल. देणाऱ्याला नेमकं काय द्यावं ते कळलं की तो केक आणत नाही. शिजवलेलं आणायचंच म्हणाला तर ते मोठ्या माणसांना, आणि किती वाजता शिजवलं हे विचारून. क्रीमचा केक किमोच्या लेकरांसमोर कापायचाच नाही. ज्यांना खाता येत नाही त्या पोरांच्या देखत वाटप करणं म्हणजे शिक्षाच आहे.

---

खडू-फळा

खेळणी धुता येतील अशीच. प्लास्टिकचे ठोकळे, सापशिडी, लुडो, कॅरम. मऊ टेडी नको, धूळ आणि जंतू धरून ठेवतो. मातीचा गोळा दहा हातांतून फिरवू नका. रंगीत खडू आणि कागद प्रत्येकाला स्वतःचे, नाव घालून पिशवीत, जाताना घरी न्यायला.

शाळा सुटलेली पोरं चौथी-पाचवीची असतात. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. रोज अर्धा तास एका पोरासोबत, त्याच्या इयत्तेचं, पुरे. गावच्या मुख्याध्यापकांना दवाखान्याच्या दाखल्यासह अर्ज पाठवायला आईला मदत करा, म्हणजे पट रिकामा दिसला म्हणून नाव कमी होणार नाही.

फोटो कुणाचाही नाही, स्टेटसला तर मुळीच नाही. आईनं "काढा" म्हटलं तरी. ज्यांच्या छपराखाली ती राहते त्यांना ती नाही म्हणू शकत नसते. लेकरासोबत बंद दाराआड एकट्यानं थांबू नका, दार उघडं आणि दुसरं मोठं माणूस दिसेल असं. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला आधीच काढून द्या. कोणत्याही लेकराबाबत लैंगिक छळाची शंका आली तर कळवणं २०१२च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. १०९८ किंवा ११२.

विचारायचं काय, तर "जेवलात का?", "आज कोणती तारीख?" एवढं. "डॉक्टर काय म्हणाले, किती दिवस आहेत?" नाही. आणि अमुक बाबाचं पाणी, तमुक झाडाचा काढा कुणी सांगत असेल तर वाद न घालता सिस्टरच्या कानावर घाला. काढा किमोच्या औषधांशी भिडतो, यकृत बिघडतं.

---

वॉर्डसिस्टर

पेटीतल्या बाळांच्या आयांचं राहूनच गेलं. त्या ओल्या बाळंतिणी असतात, बऱ्याचदा सिझरच्या. त्यांना तळमजल्याची खोली, दर दोन-तीन तासांनी दूध काढायला आडोसा, रात्रीसुद्धा. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं असं पुस्तकात असतं, ते २५ अंशांना. आपल्या उन्हाळ्यात तो हिशेब धरू नका, लगेच फ्रिजमध्ये. तिथं चार दिवस. झाकणाच्या स्वच्छ भांड्यावर आईचं नाव, तारीख, वेळ. ताजं कोमट दूध थंड दुधात ओतायचं नाही, आधी गार करून मग एकत्र. वॉर्डात नेताना बर्फाच्या डब्यातून. एका आईचं दूध दुसऱ्या बाळाला देण्याची चूक टाळायला फ्रिजचा कप्पा प्रत्येकीचा वेगळा.

---

गोदाकाठ

शेवटचं विचारते आणि थांबते. एखादं लेकरू गेलं तर आम्ही काय करायचं?

---

वॉर्डसिस्टर

ताई, तेव्हा तुमच्यापैकी एकीनंच पुढं व्हा, तिघींनी नाही. १०८ मृतदेह नेत नाही, त्यामुळे शववाहिकेचे दोन-तीन नंबर आणि गावापर्यंतचा दर आधीच विचारून व्यवस्थापकांच्या वहीत असू द्या. त्या घडीला घासाघीस करायची ताकद बापात नसते. दवाखान्यातून मृत्यूचा कागद मिळाला का ते बघा, नावाचं अक्षर तपासा, पुढं दाखल्याला तोच लागतो. गावाकडं फोन कुणी करायचा ते आईवडिलांना विचारा, तुम्ही होऊन करू नका.

खोली लगेच आवरू नका. सामान आईच आवरेल, किंवा तिनं सांगितलं तर तिच्यासमोर. खेळणी, वही, लेकराचं वापरलेलं स्वेटर, काहीही टाकू नका, भांडारात तर नाहीच. ती चार दिवसांनी, कधी चार महिन्यांनी विचारते. नाव घालून पिशवीत बांधून ठेवा. उरलेली औषधं मात्र वॉर्डात परत द्या. दुसऱ्या कुटुंबाला "उपयोगी पडतील" म्हणून देऊ नका.

बाकीच्या आयांना कळलेलंच असतं. त्या रात्री कुणी जेवत नाही. खिचडी तरीही टाका, थोडी कमी टाका, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाची तरी किमो असते आणि ते लेकरू उपाशी जाता कामा नये. तारखांच्या वहीतून त्या नावाला लाल रेघ मारून ठेवा, म्हणजे तीन दिवसांनी चुकून त्याच्या आईला फोन जाणार नाही.